लाडू, सुकडी आणि प्रथिनांची भानगड

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये ऑफिसात एक रिलीज होतं, ते दोनदा पुढे गेलं, आणि त्यानंतर आई पुण्याला राहायला आली. आजचं पोस्ट म्हणजे आईमुळे सुरू झालेली एक शोधाशोध आहे. लांबलंय, तेव्हा चहा घेऊन बसा.

आईचं वय पासष्टच्या पुढे. वर्षभरात वजन उतरत ५० किलोवर आलं. जिना चढताना कठडा धरावा लागतो. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सुदैवाने काही निघालं नाही. म्हणाले, "स्नायू कमी होताहेत, खाण्यात प्रथिनं वाढवा." मी आज्ञाधारक मुलासारखा त्याच संध्याकाळी प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आलो. आईने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "हे औषध असेल तर घेते बाबा. खाणं असेल तर नको."

मग शनिवारी मीच ओटा ताब्यात घेतला. इंटरनेटवर 'बेक न करता करायचे प्रोटीन बॉल्स' शेकड्याने सापडतात. त्यात घालायचे बदामाचं बटर, चिया आणि मेपल सिरप आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नव्हतं. पण पंढरपुरी डाळं होतं, दाण्याचं कूट घरात होतं, गूळ होता, साय काढलेल्या दुधाची पावडर होती. मिक्सर फिरवला, वजनकाट्यावर एकेक जिन्नस मोजला, दोन चमचे दूध शिंपडून लाडू वळले. गॅससुद्धा पेटवावा लागला नाही. (ओव्हन आमच्याकडे नाहीच. तसा आपल्या कुठल्या लाडवाला लागतो?)

आईने अर्धा लाडू तोंडात टाकला, जरा वेळ चघळला आणि म्हणाली, "अरे, ही तर सुकडी!"

आईचं माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. दुष्काळी पट्टा. १९७२ साली ती शाळकरी होती. त्या वर्षी तिच्या आईबरोबर ती खडी फोडायला जायची आणि कामावर मजुरांना सुकडी मिळायची, हे मला पस्तिसाव्या वर्षी एका लाडवामुळे कळलं. तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझा शनिवार आणि रविवार मात्र वाचण्यात गेला. बेक न केलेल्या या गोड गोळ्यामागे जगाने दीडशे वर्षं घातलेला वाद आहे. प्रश्न साधा वाटतो: माणूस अशक्त असेल तर त्याला प्रथिनं कमी पडताहेत, की मुळात जेवणच कमी पडतंय?

*

सुरुवात शब्दापासून. १८३८ साली डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर याने 'प्रोटीन' हा शब्द पहिल्यांदा छापला. त्याला तो सुचवला होता स्वीडनच्या बर्झेलियसने. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पहिल्या दर्जाचं'. म्हणजे नावातच मोठेपणा. मग १८४२ मध्ये जर्मनीच्या लीबिगने सिद्धांत मांडला की स्नायूंना काम करायची ताकद प्रथिनांमधूनच मिळते. स्नायू काम करताना स्वतः झिजतो आणि प्रथिनं खाऊन भरून येतो, असं त्याचं म्हणणं. लीबिग हे त्या काळातलं फार मोठं नाव, त्यामुळे कित्येक वर्षं हे कुणी तपासलंच नाही.

तपासलं ते फिक आणि विस्लिसेनस या दोन प्राध्यापकांनी, आणि तेसुद्धा स्वतःवर. ३० ऑगस्ट १८६५ रोजी पहाटे हे दोघे स्वित्झर्लंडमधल्या फाउलहॉर्न नावाच्या डोंगरावर चढले. पायथ्याच्या तळ्यापासून शिखरापर्यंतची उंची १९५६ मीटर. आदल्या दिवशी दुपारपासून त्यांनी प्रथिनं असलेला एकही पदार्थ खाल्ला नव्हता. खाणं काय, तर पिष्टाच्या खळीच्या चरबीत तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा! चढताना आणि चढून गेल्यावर दोघांनी आपापली लघवी गोळा केली. शरीरात प्रथिनं जळली की त्यातला नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो, त्यामुळे किती प्रथिनं जळली याचा तो चक्क लॉग असतो. नंतर इंग्लंडमध्ये फ्रँकलंडने प्रथिनांच्या ज्वलनातून किती उष्णता मिळते ते मोजलं आणि हिशोब पुरा झाला. जळलेल्या प्रथिनांमधून आलेली ऊर्जा त्यांचं वजन डोंगरावर न्यायला लागलेल्या कामाच्या साधारण निम्मीच भरली. उरलेली अर्थात पिष्ट, साखर आणि चरबीतून आली होती.

म्हणजे प्रथिनं हे बांधकामाचं सामान आहे, सरपण वेगळं. सरपण संपलं तर शरीर बांधकामाचं सामानही चुलीत घालतं, ही त्यातली खरी गोम. घरात लाकूडफाटा नसेल तर माणूस शेवटी सागवानी खाटेचे पायही जाळतो, तसं.

लीबिगचा सिद्धांत कागदावर इथे संपला, पण लोकांच्या मनातून गेला नाही. ताकद म्हणजे प्रथिनं हे समीकरण आजही जिमच्या भिंतीवर आहे.

*

पुढचा अंक आफ्रिकेत घडतो. आजच्या घानामध्ये, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर काम करत होत्या. १९३३ साली त्यांनी लहान मुलांमधल्या एका आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. हातापायांना सूज, केसांचा रंग उडालेला, कातडीचे पापुद्रे निघालेले, मूल किरकिरं आणि मलूल. १९३५ मध्ये त्यांनी त्याचं स्थानिक गा भाषेतलं नावच वैद्यकात आणलं: क्वाशिओरकोर. धाकटं भावंडं आलं की थोरल्याचं अंगावरचं दूध सुटतं आणि मग त्या मुलाला जे होतं, ते. दूध सुटलेली ही मुलं मक्याच्या पेजेवर असायची. प्रथिनांचा अभाव हे कारण असावं, असा विल्यम्स यांचा कयास होता, आणि त्या काळात तो रास्तही होता.

गडबड झाली ती पुढे. १९५२ मध्ये ब्रॉक आणि ऑत्रे यांचा आफ्रिकेतल्या क्वाशिओरकोरवरचा अहवाल आला. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली खास प्रथिनांसाठी सल्लागार गट स्थापन झाला. एका खंडातल्या काही भागांतल्या मुलांचा आजार बघता बघता अख्ख्या गरीब जगाचा आजार ठरला. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा जो अहवाल आला त्याच्या नावातच 'येऊ घातलेलं प्रथिन-संकट' होतं. माशांची भुकटी, सोयाबीन, शेंगदाण्याच्या पेंडेचं पीठ, इतकंच काय पेट्रोलियममधल्या मेणावर वाढवलेलं यीस्टसुद्धा! (हे खरं आहे. एका बड्या तेल कंपनीने फ्रान्समध्ये हे प्रयोग केले होते.) जगातल्या भल्या भल्या प्रयोगशाळा एकाच मोहिमेला लागल्या: गरिबांना स्वस्त प्रथिनं कशी द्यायची.

या मोहिमेत आपला देशही होता आणि इथे आपल्या लाडवाचे जिन्नस पहिल्यांदा भेटतात. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० मध्ये चेलुवांबा मॅन्शन नावाच्या राजवाड्यात सुरू झाली. तिथे 'इंडियन मल्टिपर्पज फूड' तयार झालं. मूळ कल्पना अमेरिकेतली. लॉस एंजेलिसमध्ये खाणावळी चालवणाऱ्या क्लिफर्ड क्लिंटन या गृहस्थाने हेन्री बोर्सूक नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाकडून सोयाबीनवर आधारलेलं एक स्वस्त, पौष्टिक मिश्रण करून घेतलं आणि ते जगभर पाठवायला १९४६ मध्ये एक संस्था काढली. म्हैसूरच्या मंडळींनी त्यातलं सोयाबीन काढून आपल्या मातीतलं घातलं: तीन भाग तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ, एक भाग हरभऱ्याचं पीठ, वर जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम. शेंगदाणा आणि हरभरा. ओळखीचं वाटतंय ना?

याच सुमाराला, १९६० मध्ये, इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्लं पटापट मेली. त्यांना घातलेल्या शेंगदाण्याच्या पेंडेवर बुरशी आली होती आणि त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. तेव्हापासून शेंगदाण्याच्या पिठाकडे जग जरा संशयाने बघायला लागलं. आपल्यापुरता धडा साधा आहे. खवट, सुरकुतलेला किंवा बुरशीचा वास येणारा दाणा लाडवात घालू नका, फेकून द्या. भाजून ते विष पुरतं जात नाही.

*

आता येतो आमच्या कथेतला सातारकर. माणच्या शेजारी खटाव तालुका, त्यात बुध नावाचं गाव. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म तिथला, १९११ सालचा. फर्ग्युसन कॉलेज, मग लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट. १९५१ ते १९७० ते रोममध्ये जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगात किती लोक उपाशी आहेत हे मोजण्याची रीत घालून देणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव वरचं. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं, निवृत्तीनंतर पुण्यात राहिले, १९९७ मध्ये पुण्यातच गेले. मी इतकी वर्षं पुण्यात राहून हे नाव ऐकलं नव्हतं, याची लाज वाटली.

सुखात्म्यांनी डॉक्टरांसारखा पेशंट तपासला नाही. त्यांनी डेटा तपासला. भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे घेऊन लोकांचे चार गट पाडले, असं समजा. ऊर्जा पुरेशी आणि प्रथिनंही पुरेशी; ऊर्जा कमी पण प्रथिनं पुरेशी; दोन्ही कमी; आणि ऊर्जा पुरेशी पण प्रथिनं कमी. जगभरच्या प्रयोगशाळा ज्याच्यासाठी धडपडत होत्या तो हा चौथा गट. १९७० मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये त्यांनी दाखवलं की भारतीय आहारात हा चौथा गट फारच छोटा आहे. ज्याला प्रथिनं कमी पडतात त्याला बहुतेक वेळा अन्नच कमी पडतं.

कारण कुणालाही पडताळता येईल असं आहे. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ३५० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ज्वारीतल्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ १२ टक्के प्रथिनांमधूनच येते. दिवसाला ४०० ग्रॅम ज्वारी खाणाऱ्याच्या पोटात ४० ग्रॅम प्रथिनं आपोआप जातात, वर डाळ वेगळी. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं हे खरं, पण ती उणीव डाळ भरून काढते. प्रश्न हा, की ४०० ग्रॅम ज्वारी मिळते का? ती मिळत नसेल आणि तुम्ही त्या माणसाला चमचाभर महागडी प्रथिनं दिलीत, तर त्याचं शरीर ती सरपण म्हणून जाळणार. पुन्हा सागवानी खाट.

आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम मंद चालतेय म्हणून सगळे मेमरी वाढवत होते आणि या माणसाने सांगितलं की बॉटलनेक दुसरीकडेच आहे.

सुखात्मे एकटे नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी मुलांचा अभ्यास करून १९६८ मध्ये मांडलं होतं, की क्वाशिओरकोर झालेल्या आणि नुसतीच सुकून गेलेल्या मुलांच्या आहारात प्रथिनांच्या बाबतीत काही ठळक फरक दिसत नाही. दोघांच्याही ताटात मुळात अन्नच कमी. १९७३ मध्ये जागतिक तज्ज्ञ समितीचा अहवाल आला आणि प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली उतरले. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डोनल्ड मॅक्लारेन या डॉक्टरांनी लेख लिहिला, शीर्षक होतं 'प्रथिनांचा महाफज्जा' अशा अर्थाचं. काही वर्षांत प्रथिनांचा तो सल्लागार गटही बंद झाला.

पण सुखात्मे म्हणजे शेवटचा शब्द असंही नाही. पुढे त्यांनी मांडलं, की माणसाची गरज रोज बदलते आणि शरीर कमी अन्नाशी जुळवूनही घेतं, तेव्हा उपाशी लोकांचे आकडे फुगवलेले आहेत. यावर गोपालन यांनी कडाडून टीका केली. खुजं राहून, कमी काम करून जगणं याला जुळवून घेणं म्हणायचं का, असा त्यांचा सवाल होता. खडी फोडणाऱ्या मुलीचा मुलगा म्हणून या वादात मी गोपालन यांच्या बाजूने आहे.

*

तारखा जुळवताना माझ्या लक्षात आलं, की रोम आणि जिनिव्हाला हा वाद निकालात निघत होता तेव्हा माणमधल्या माळावर माझी आजी आणि आई खडी फोडत होत्या.

१९७२-७३ चा दुष्काळ महाराष्ट्रातल्या त्या पिढीला विचारा. सरकारने कामं काढली: पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, खडी. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. तिच्या भाकरीबद्दल आई आजही तोंड वाकडं करते. आणि कामावर मिळायची सुकडी. आईच्या आठवणीत ती भाजलेल्या पिठाची, गोड आणि किंचित तेलकट.

"लाडू नसायचा," आई म्हणाली, "भुगाच असायचा. ओंजळीत घ्यायचा. आई तिच्यातली निम्मी पदराला बांधायची, धाकट्यासाठी."

"आणि तू?"

"मी माझी खाऊन टाकायचे. भूक लागायची रे." हे सांगताना ती हसली, पण मला पटकन पुढचं काही विचारता आलं नाही.

त्या दुष्काळात लोकांचे अतोनात हाल झाले, ढोरं गेली, पण पूर्वीच्या दुष्काळांसारखी माणसं लाखांनी मेली नाहीत. अभ्यासक याचं मोठं श्रेय त्या कामांना देतात. हाताला काम मिळालं, मजुरी मिळाली, मजुरीतून धान्य घेता आलं. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला होता, दुष्काळाने ती राज्यभर नेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याची ही आजी. सुखात्म्यांच्या आकड्यांचं उत्तर मला या कामांमध्ये दिसतं. ज्याला ज्वारी कमी पडते त्याला आधी ज्वारी घेण्याइतकी मजुरी मिळाली पाहिजे. सुकडी मजुरीच्या जोडीला होती, मजुरीऐवजी नव्हती.

*

मग लाडू गेला कुठे? तो हैदराबादला सापडतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी एक मिश्रण सुचवलं, जे बालरोगाच्या पुस्तकांत 'हैदराबाद मिक्स' या नावाने आहे. भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेला हरभरा १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम, गूळ २० ग्रॅम. एकूण ८६ ग्रॅम. त्यातून ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅमच्या थोडी वर प्रथिनं. मी आकडे पोषण संस्थेच्याच जुन्या तक्त्यावरून पडताळले, बरोबर येतात.

यात पेट्रोलियमवरचं यीस्ट नाही, माशांची भुकटी नाही. गहू आणि हरभरा भाजून दळला की आपल्याकडे त्याला सातूचं पीठ म्हणतात. त्यात दाण्याचं कूट आणि गूळ घातला की झालं. गव्हात लायसिन कमी, हरभऱ्यात ते भरपूर. हरभऱ्यात जे कमी ते गव्हात आहे. भाजल्यामुळे डाळीतले पचनात अडथळा आणणारे घटक निकामी होतात, पीठ टिकतं, आणि आयत्या वेळी शिजवावं लागत नाही. मजुरीवर गेलेल्या आईच्या घरात मुलाला दिवसातून चार वेळा ताजं शिजवून कोण घालणार?

लगेच 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. आजीला सातूचं पीठ ठाऊक होतंच की, तरी तिला निम्मी सुकडी पदराला बांधावी लागली. कृती माहीत असणं आणि डब्यात पीठ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ८६ ग्रॅममध्ये काय किती आहे, ते कुणाला किती दिवस द्यायचं, हे मोजूनमापूनच कळतं. ते काम संस्थेने केलं.

*

प्रथिनांची भीती एकदा फज्जा उडून गेली, तर मग ती परत कशी आली? या वेळी ती आली पोट भरलेल्यांकडे.

१९८३ मध्ये ब्रायन मॅक्सवेल नावाचा कॅनडाचा धावपटू लंडन मॅरेथॉनमध्ये पुढच्या फळीत धावत होता. एकविसाव्या मैलाजवळ त्याच्या शरीरातली साखर संपली आणि तो ढेपाळला. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या घरी, स्वयंपाकघरात, त्याने आणि त्याच्या मैत्रिणीने (जेनिफर, पुढे त्याची बायको) पोटाला त्रास न होता धावताना खाता येईल अशी वडी करण्याचे खंडीभर प्रयोग केले. १९८६ मध्ये 'पॉवरबार' बाजारात आला. गंमत म्हणजे त्यात भर कर्बोदकांवर होता, फाउलहॉर्नवरच्या वड्यांसारखाच! २००० साली ती कंपनी नेस्लेने विकत घेतली आणि मधल्या काळात वड्यांची बाजारपेठ उभी राहिली.

त्या वड्यांमध्ये घालायला प्रथिनं आली ती चीजच्या कारखान्यांतून. १० लिटर दुधाचं चीज केलं की साधारण ९ लिटर निवळी उरते. ही निवळी पूर्वी डुकरांना घालत, शेतात सोडत, नाहीतर सरळ नदीत. नदीतला प्राणवायू ती संपवते, म्हणून १९७० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत प्रदूषणाचे कायदे कडक झाले तसं तिचं काय करायचं हा प्रश्न पडला. उत्तर मिळालं ते समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या संशोधनातून. १९६० च्या आसपास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी एक नवीन प्रकारचा पातळ पडदा तयार केला होता. त्याच कुळातल्या पडद्यांमधून निवळी गाळली की पाणी आणि साखर निघून जाते, प्रथिनं मागे राहतात. सुकवली की झाली व्हे पावडर. म्हणजे मी आईसाठी आणलेला तो डबा एके काळचं सांडपाणी होता. यात वाईट काही नाही, उलट हुशारी आहे. प्रथिनं उत्तम दर्जाची आहेत. फक्त किंमत बघून छाती दडपते.

*

तर आता आमच्या ओट्यावर परत.

आकडे असे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे आईला ४२ ग्रॅम. (हाच जागतिक आकडा १९७३ मध्ये ०.५७ होता, १९८५ मध्ये ०.७५ झाला, २००७ मध्ये ०.८३. म्हणजे १९७३ ची कपात जरा जास्तच झाली होती.) म्हाताऱ्या माणसांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवीत असंही बरेच तज्ज्ञ म्हणतात. म्हणजे डॉक्टरांचं बरोबरच होतं.

मग मी चार दिवस आईचं ताट गुपचूप एक्सेलमध्ये भरलं. प्रथिनं निघाली ३५ ग्रॅमच्या आसपास. पण कॅलरी निघाल्या जेमतेम १२००! तिच्या वयाला आणि वजनालाही दीड हजार तरी हव्यात. अर्धी भाकरी टाकून उठायची सवय लागली होती आणि आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. नुसती पावडर पाजली असती तर तिच्यातली बरीचशी सरपणात गेली असती. सुखात्म्यांचा दुसरा नाहीतर तिसरा गट, माझ्याच डायनिंग टेबलवर.

म्हणून आता घरात दोन डबे आहेत.

आईचा डबा हैदराबादच्या प्रमाणात: गहू २०० ग्रॅम, हरभऱ्याचं डाळं ८० ग्रॅम, दाणे ५० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम. गहू आणि दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, डाळं भाजलेलंच असतं. सगळं बारीक दळून, किसलेला गूळ चांगला मळून, वेलची आणि वळण्यापुरतं दोन चमचे पातळ तूप. दहा लाडू होतात. एका लाडवात साडेपाच ग्रॅम प्रथिनं आणि १६५ कॅलरी, तुपाच्या थोड्या वर. सकाळी एक, चार वाजता चहाबरोबर एक. दुपारी वाटीभर दही आणि आमटी घट्ट.

माझा डबा वेगळा, कारण माझा प्रश्न वेगळा. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला कॅलरी कमी पडायची सुतराम शक्यता नाही. डाळं १०० ग्रॅम, दाण्याचं कूट ६० ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर ४० ग्रॅम, गूळ ५० ग्रॅम, दोन-तीन चमचे दूध. दहा छोटे लाडू, प्रत्येकी ५ ग्रॅम प्रथिनं आणि १०५ कॅलरी. दूध घातल्यामुळे फ्रिजमध्ये ठेवायचे आणि चार-पाच दिवसांत संपवायचे. (मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर दोन्ही डबे उघडण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हेही.)

महिना झाला. आईचं वजन एका किलोने वाढलंय. जिन्याच्या कठड्याला हात अजून लागतो. त्यासाठी व्यायामही हवा, तो अजून सुरू व्हायचाय.

परवा मी कौतुकाने तिला सुखात्म्यांची गोष्ट सांगितली. तुमच्या शेजारच्या तालुक्यातला माणूस, रोमला बसून जगाला सांगत होता की गरिबाला आधी पोटभर भाकरी द्या. तिने लाडवाचा शेवटचा घास खाल्ला आणि विचारलं, "ते कळायला रोमला जावं लागलं त्यांना?"

माझ्याकडे उत्तर होतं, की आईला ठाऊक असलेलं जगाला पटवायला आकडे लागतात. पण ती तोवर टीव्हीसमोर जाऊन बसली होती.

असो. तुमच्या घरात बहात्तरचा दुष्काळ पाहिलेलं कुणी असेल तर या शनिवार-रविवारी त्यांना सुकडीबद्दल विचारा. आणि विचारताना ताटात अर्धी भाकरी उरते का, तेही बघून घ्या.